बोटभर कमी

आमच्या हायस्कुलातले शास्त्राचे मास्तर स्वर्गात कधीच वेळेवर पोहोचणार नाहीत, वाटेत उतार दिसला की काहीतरी सोडून बघत बसतील, अशी आम्हा शिक्षकांची खात्री होती. सोलापुरातला एकही उतार त्यांनी सोडला नव्हता. मंद्रूपच्या एका लग्नात भर मंगलाष्टकांत त्यांनी पाटावरून सुपारी सोडली. ती घरंगळत नवरदेवाच्या पायाशी गेल्यावर वधूपित्याला प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "मांडव दक्षिणेला उतरता आहे तुमचा." अशा वेळी दक्षिणेचं नाव काढू नये, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वधूपिता पांढरे पडले आणि आम्हाला जिलबी बेताचीच वाढली गेली.

मुलांसाठी त्यांनी एक प्रयोग बसवला होता. खोबण पाडलेल्या दोन फळ्या समोरासमोर तिरक्या ठेवायच्या आणि एकीवरून लाखेचा लाल चेंडू सोडायचा. तो खाली येई, दुसरीवर चढे, पण सोडलेल्या उंचीपेक्षा नेहमी बोटभर कमी. "उरलेलं कुठं गेलं?" मास्तर विचारीत. पोरं घोकलेलं सांगत, "घर्षणात, सर." "म्हणजे नाहीसं नाही झालं. ऊब होऊन इथंच आहे." मग ते फळीवर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहत. सोलापूरच्या वैशाखात कुठली फळी गार असते, म्हणून आम्ही हसत असू.

पण त्या फळ्या त्यांच्या घरच्या पाळण्याच्या होत्या, आणि चेंडू मैंदर्गीच्या बाजारातून लेकीसाठी आणलेला. एकुलती एक लेक चालायला लागली तोच तापाने गेली होती. ती कुठंतरी आहे एवढंच त्यांना शास्त्राकडून हवं होतं. आमचा शिपाई त्या फळ्यांना हात लावत नसे. एकदा म्हणाला, "मास्तर, रिकामा पाळणा हलवू न्हाई. तुमी तर रोज खेळताय की त्याच्यावर." मास्तर शांतपणे म्हणाले, "रिकामा नाही, म्हणून तर चेंडू सोडतो." त्या दिवसापासून शिपाई प्रयोगाच्या खोलीत झाडायलाही जाईना.

पुढे इन्स्पेक्शन आलं. थंडीतली सकाळ होती. साहेबांपुढे चेंडू सुटला, खाली आला, पलीकडे चढला, बोटभर कमी पडला आणि तिथंच थांबला. उतरत्या फळीवर, कुणी तळहाताने अडवून धरावा तसा. साहेब खिशातलं घड्याळ बघत होते. मी मात्र बघितलं. मास्तर वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "पुरे बाळ, सोड आता."

चेंडू खाली आला. साहेबांनी प्रयोग ठीक असल्याचं सांगितलं. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण इतका सुखी माणूस मी सोलापुरात दुसरा पाहिला नाही.

मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फळ्या अजून त्या खोलीत आहेत. कधीतरी मधल्या सुट्टीत मी जातो आणि चेंडू सोडतो. तो बोटभर कमी पडतो आणि लगेच परत फिरतो. आता त्याला कुणी अडवत नाही. भेट झाली असेल दोघांची, असं मनाशी म्हणतो. बरं वाटतं. तरी फळीवर हात ठेवून थोडा वेळ थांबतो, आणि ती गार लागते.