सुईनं गेला म्हणतात

रशीद गेल्याचा निरोप आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला हरभऱ्याचं बियाणं दाखवत होतो. निरोप्यानं एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. गॅरेजवाला रशीद गेला, आणि परवा घेतलेल्या सुईनं गेला. पहिली गोष्ट डोक्यात शिरायच्या आत दुसरी शिरली. कारण त्या सुईसाठी त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं...

पाटोद्यात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. माझं बी-बियाण्यांचं, त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं. दोस्ती शाळेपासूनची. रशीदला अलीकडं दमा जडला होता आणि मागच्या हिवाळ्यात फ्लूनं तो इतका आडवा झाला की बीडला नेऊन ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. यंदा थंडीच्या आधी फ्लूची लस घ्या, असं त्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि हा आज-उद्या करत होता. शेवटी मीच त्याला गाडीवर मागं बसवलं. तिथं त्यानं बाईंना नुसतं धारेवर धरलं. "म्याडम, सुईनंच फ्लू व्हतो म्हणतेत लोकं. खरं हाय का?" बाई म्हणाल्या, "नाही. यातला विषाणू मेलेला असतो. दंड दुखेल, एखादा दिवस अंग कणकणेल, एवढंच." "मंग घेतली की खोकला बंद?" त्या हसल्या. "तसं वचन मी देत नाही. साधी सर्दी वेगळी. सुई घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण मागच्यासारखी जिवावर बेतायची शक्यता कमी." "आन् पुढल्या साली परत घ्यायची? कावून?" विषाणू रूप बदलतो, लसीचा जोरही ओसरतो, हे त्यांनी शांतपणे समजावलं. माझा धीर सुटला. "बाही वर कर बे आता." तर मलाच म्हणाला, "थांब बे. अंगात माझ्या जानार हाय, तुझ्या न्हाई." टोचताना मात्र डोळे गच्च मिटून घेतले. परत येताना लई खुशीत होता.

आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी घरातच हार्टअ‍ॅटॅक आला. कब्रस्तानातून निघताना त्याच्या थोरल्या भावानं मला थांबवलं. "तुमीच नेलतं ना त्याला?" मी मान हलवली. पुढचे काही आठवडे 'रशीद सुईनं गेला' हेच वाक्य गल्लीभर फिरत राहिलं. लस घ्यायला निघालेली म्हातारी माणसं घरी बसली. "रशीदचं काय झालं, माहीत हाय न्हवं?" म्हणायची. गिऱ्हाईक बियाण्याचं पाकीट हातात घेऊन हळूच विचारायचं, "सुईनंच ना?" मी नाही म्हणायचो, पण आवाज माझा मलाच खोटा वाटायचा.

एक दिवस रशीदच्या बायकोनं, नसरीनभाभींनी, बोलावणं धाडलं. नवऱ्यामागं घरातच राहायचा इद्दतीचा काळ, म्हणून त्या पडद्याआडून बोलल्या. "भाईसाब, खरं सांगा. सुईनंच गेले का?" मी म्हणालो, "मला नाही माहीत, भाभी." त्या म्हणाल्या, "मंग म्याडमला घरी आना. मला इचारायचंय."

बाई आल्या, आत भाभींजवळ बसल्या. बाहेरच्या खोलीत मी आणि थोरला भाऊ. बाईंचा आवाज येत होता. "सुईच्या पाठोपाठ झटका आला, म्हणून सुईनंच आला असं नसतं. हृदयाच्या नळ्या दोन दिवसांत तुंबत नाहीत, वर्षं लागतात. तरी मी वरती आरोग्य खात्याला कळवलंय, ते तपासतील. त्यांच्या छातीत कधी दुखायचं का?" भाभी म्हणाल्या, "दुखायचं. पावसाळ्यापासून. जिना चढले की छातीवर हात ठिवून बसायचे. गॅस हाय म्हनायचे, ओवा मागायचे."

"मला त्यांनी एकदाही सांगितलं नाही हो," बाई म्हणाल्या.

थोरला भाऊ फरशीकडं बघत राहिला. मीही. इतके प्रश्न विचारणारा माणूस, पण स्वतःच्या छातीबद्दल त्यानं कुणाला एक शब्द विचारला नव्हता. दवाखान्यात, तिथंच, बाईंच्या समोर बसून...

आतून भाभींचा आवाज आला, "माझी बी शुगर हाय. तुमी मलाबी घ्यायला सांगितलतं. द्या." थोरला भाऊ उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. तो अजून माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी घरी येऊन टोचलं. भाभींचा दंड दुखला, बाकी काही झालं नाही. पण गल्लीत अजूनही रशीद सुईनंच गेला.

गॅरेज बंद आहे. रशीदची एक सवय होती. दुरुस्त झालेली गाडी चालू केली की टाकीवर तळहात ठेवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. "आत काय दुखतंय ते गाडी सांगती बे, ऐकनारा पायजे." आता सकाळी मी माझी गाडी सुरू केली की हात आपोआप टाकीवर जातो. मला त्यातलं काही कळत नाही. तरी हात लगेच उचलवत नाही.