तुटली की सुटली

काही केसेस आठवायला डोकं खाजवावं लागतं, जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. ही केस तशी नाही, ही न बोलावता येते. निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली. नात्यात लग्न असलं की लोक मंगल कार्यालयात शिरताना पंगत कुठे बसलीय ते बघतात, मी छत बघतो. दिवे कशाला टांगलेत, तार कुठून आलीय, क्लिपा किती आहेत. बायको वैतागते. "अहो, वर काय बघत बसलाय? अक्षता घ्या हातात." तिला सगळं माहीत आहे, तरी म्हणते.

तेव्हा मी अंबड भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही, माणसं अजून तिथंच राहतात. लग्नसराई चालू होती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात तशी आमची गत. मुळात माणसं कमी, त्यातली निम्मी बंदोबस्तावर, आणि रायटर हवालदार तापानं फणफणलेला असूनही टेबलावर बसलेला. दुपारी एकच्या सुमारास ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, हायवेच्या कार्यालयात लायटीचा पाइप पडला. माणूस गेला म्हणतेत."

वडीगोद्रीच्या रस्त्यावर ते कार्यालय होतं. वीस मिनिटांत पोचलो. स्टेजवर लांबलचक लोखंडी पाइप तिरका लोंबत होता, एक टोक वर, एक खाली. त्यावर आठ मोठे दिवे. मंगलाष्टका चालू असताना एका बाजूचं टोक सुटून खाली आलं होतं आणि नवरीच्या मामाच्या डोक्यात बसलं होतं. मामा आमच्याकडे भाचीच्या पाठीशी उभा राहतो, तसाच तो उभा होता. नवरी एक पाऊल पुढे होती म्हणून वाचली. मी गेलो तेव्हा ती पिवळ्या साडीत पायरीवर बसली होती, रडत नव्हती. मला ते तेव्हा खटकायला पाहिजे होतं.

पंचनामा घाईत झाला. बाहेर दोन-तीनशे माणूस जमलं होतं. रायटर लिहीत गेला, "लोखंडी पाइपास बांधलेली तार तुटून". त्याच्या हाताला ती सवयच होती. झाड पडलं तर फांदी तुटून, जीप उलटली तर एक्सल तुटून. मी खाली सही केली. सहीच्या आधी वाचलं का? डोळे फिरवले. वाचलं नाही.

नवरीचा बाप फिर्यादी झाला. नुसत्या निष्काळजीपणाच्या कलमावर लोक ऐकेनात. "तीनशे चार लावा, तवाच बॉडी उचलू!" तीनशे चार म्हणजे तेव्हाच्या कायद्यानं सदोष मनुष्यवध, त्यात ठाण्यातून जामीन नाही. लाइट कुणी बांधली होती ते विचारलं. तीर्थपुरीच्या एका मुसलमान कारागिराचं नाव निघालं आणि गर्दीचा आवाज आणखी चढला. का चढला ते मला कळलं, आणि न कळल्यासारखं मी केलं. वरिष्ठांचा फोन आला, "शांतता राखा, बाकी नंतर बघू." मी तीनशे चार लावलं.

तो माणूस पन्नाशीचा, दुकानात जळालेल्या पाण्याच्या मोटारीत नवी तांब्याची तार भरत बसलेला सापडला. उरुसापासून जांबच्या रामाच्या उत्सवापर्यंत सगळीकडे लाइट त्याचीच असायची. आम्हाला बघून उठला, हात पुसले, बायकोला हाक मारून शटर ओढायला सांगितलं आणि गाडीत बसला.

चौकशी मी स्वतः केली.

"किती पैसे वाचवले रे तारेत?"

"साहेब, तार अस्सल हाय. म्हैस टांगा, तुटायची न्हाई."

"मग पाइप काय उडी मारून खाली आला?"

"सुटली असंल साहेब. तुटली न्हाई. मी दोन तारा बांधत असतो. एक वजनाची, दुसरी जामिनाची. पहिली फरार झाली तर दुसरी हजर राहती. दोन्ही एकदम कशा जातील? मी रातीच बांधून गेल्तो, मागून कुणीतरी हात लावला असंल."

पोलिसासमोर बसून जामिनाची भाषा करतो, म्हणून माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. "तुटली काय, सुटली काय, माणूस गेला ना?"

त्यावर तो गप्प बसला. मी मनात म्हटलं, बरोबर, गुन्हेगार असाच गप्प होतो. तीस वर्षांच्या नोकरीत मी हे कितीदा म्हटलं असेन कोण जाणे. खरं सांगतो, माणूस दोन वेळा गप्प होतो. एक, बोलायला काही उरलं नाही तेव्हा. दुसरं, ऐकणाऱ्याला कान नाहीत हे कळतं तेव्हा. समोर बसून हा फरक दिसत नाही. निदान मला दिसला नाही.

पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी झाली, तो जालन्याच्या जेलात गेला. माझ्यापुरती केस संपली होती. आरोपपत्र तेवढं राहिलं होतं.

खबर म्हटली की लोकांना वाटतं कुणीतरी खबऱ्या कानात येऊन सांगतो. इथे खबर घेऊन आली ती आरोपीची बायको. दोन वेळा मी तिला भेटलो नव्हतो. तिसऱ्या वेळी ती सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसून होती, पाणीसुद्धा मागितलं नाही म्हणे. दुपारी आत बोलावलं. तिच्या हातात वर्तमानपत्राचा तुकडा होता.

"साहब, पेपरात छापलंय तार तुटली. ते म्हणतेत सुटली. चोवीस साल से देखती हूँ, त्यांनी बांधलेली कधी तुटली न्हाई. मला कायदा कळत न्हाई. एकच विचारते, तुमी तार पाह्यली का?"

"पाहिली," मी म्हणालो.

"बराबर पाह्यली?"

"हो, बाई. जा आता."

ती गेली. आणि मी खुर्चीत बसून राहिलो, कारण मी खोटं बोललो होतो. तार मी पाहिली नव्हती. मी पाइप पाहिला होता, रक्त पाहिलं होतं, गर्दी पाहिली होती. तार जप्त करून, कापडात बांधून, लाखेचं सील लावून मुद्देमालाच्या खोलीत ठेवली होती. ती माझ्याच ठाण्यात, माझ्या खुर्चीपासून पंधरा पावलांवर होती.

दोन पंच बोलावले, कोर्टाला कळवलं, सील फोडलं. स्टीलची पिळाची तार तुटली तर तिचं टोक केरसुणीसारखं पिंजतं, हे मी नंतर शिकलो, पण त्या दिवशी शिकायची गरजच नव्हती. टोक अखंड होतं. कारागिरानं टोकाला काळी टेप गुंडाळलेली, तीसुद्धा तशीच. पाइपाच्या कडीतून तार घालायची, वर दुमडायची आणि दोन्ही पदर तीन क्लिपांनी आवळायचे, अशी त्याची पद्धत. पडलेल्या टोकाला क्लिपा तीनच होत्या, पण दोन मोकळ्या, नुसत्या ओवलेल्या. तिसरी तेवढी आवळलेली, आणि तिच्याखालून तार घासत सरकल्याचा चकचकीत पट्टा. न पडलेल्या टोकाला तिन्ही क्लिपा अशा घट्ट की आमच्या शिपायाला हलेनात. मग त्या दिवशी जागेवर घेतलेले फोटो बाहेर काढून पाहिले. जामिनाची तार छतापासून मोकळी लोंबत होती, हुक शाबूत. कुणीतरी हातानं काढलेला.

चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी म्हण आहे. पण चोर तरी कोण होता?

मी सगळी कागदपत्रं पुन्हा वाचायला घेतली, या वेळी खरोखर. मृतदेहाच्या पंचनाम्यात खिशातल्या वस्तूंची यादी होती. रुमाल एक. कंगवा एक. सुपारीची पुडी एक. बारा-तेराचा पाना एक.

मी तिथंच थांबलो. भाचीच्या लग्नात, फेटा बांधलेल्या मामाच्या खिशात पाना कशाला? त्या यादीखालीही माझीच सही होती. गावात विचारलं तर कळलं, मामा हरहुन्नरी माणूस. कुणाची विहिरीवरची मोटार बिघडली, कुणाचं ठिबक अडलं, की हा पाना घेऊन हजर. "मिस्तरी कशाला बोलवायचा? मी हाय ना," हे त्याचं पालुपद.

महिला पोलिसाला घेऊन नवरीच्या घरी गेलो. लग्न मोडलं नव्हतं, पण राहिलं होतं. मामाची बहीण, म्हणजे नवरीची आई, भिंतीला टेकून बसली होती. मी पान्याचं नाव काढलं आणि बाप उसळला.

"आता मेलेल्या माणसावर ढकलून राह्यले काय, साहेब? किती खाल्ले त्या लायटीवाल्याकडून?"

पोलिसाला ही शिवी नवीन नसते. मी मुलीकडे बघत राहिलो. त्या दिवशी पायरीवर बसली होती तशीच ती बसली होती, कोरडी.

"मी सांगितलं मामाला," ती म्हणाली.

बाप तिच्याकडे वळला.

"सकाळी फोटो काढून राह्यले होते. फोटोवाला म्हणाला लाइट लय वर हाय, तोंड अंधारात येतंय. मी मामाला म्हणलं, मामा, माझं तोंडच दिसून न्हाई राह्यलं. तर मामा म्हणाला, त्यात काय, आत्ता घेतो खाली. जनरेटरवाल्याकडून पाना आणला. शिडीवर चढला. ती दुसरी तार काढली. पाइपाचं एक टोक खांद्यावर घेतलं अन् तिथल्या क्लिपा ढिल्या केल्या. एक आवळली. मंग..."

"मंग परण्या आला," तिची आई भिंतीकडूनच बोलली. "बँड वाजला. नवरदेव दारात अन् मामा शिडीवर, लोक काय म्हणतील? मीच ओरडले, दादा, उतर जल्दी! तो म्हणला, दोन ऱ्हायल्या, मंगून आवळतो. अन् उतरला. हाक मी मारली, साहेब. तिनं न्हाई."

"आई, मी सांगितलं म्हणून चढल्ता ना तो!"

आणि मग ती मुलगी रडली. इतके दिवस पोटात धरलेलं रडणं होतं ते. बाप उंबऱ्यावर बसला, डोक्याला हात लावून. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "कागद कुठंय? काय लिवायचं ते लिवा. तो बिचारा आत बसलाय फुकट." खोटं वाटेल, पण ज्या माणसानं तीनशे चारसाठी प्रेत अडवलं होतं, त्याचाच पुरवणी जबाब सगळ्यात स्वच्छ होता.

कोर्टात अहवाल दिला, या इसमाविरुद्ध पुरावा नाही. पुढे गुन्हा गैरसमजुतीनं दाखल झाला म्हणून 'क' समरी मंजूर झाली, म्हणजे केस बंद. पंचनाम्याचं काय, म्हणून सरकारी वकिलांनी विचारलं. मी लिहून दिलं, "पूर्वीच्या पंचनाम्यात 'सुटून' ऐवजी 'तुटून' असे नजरचुकीने नमूद झाले आहे." नजरचुकीने. आमच्या खात्याचा हा फार सोयीचा शब्द. एक माणूस एकोणीस दिवस जेलात राहिला, त्याचं दुकान बंद राहिलं, त्याच्या बायकोनं बाकावर दिवस काढले, ते सगळं एका अक्षरात, आणि ते अक्षर सहा अक्षरांच्या आत झाकलं गेलं.

जेलच्या दारात मी गेलो होतो. त्याची हत्यारांची पिशवी परत द्यायची होती, हे निमित्त. त्यानं पिशवी घेतली, आत डोकावला नाही.

"साहेब, ती पोरगी कशी हाय?"

"तुम्ही घरी जा आधी," मी म्हणालो. त्याला 'तुम्ही' म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

आठ दिवसांनी ते ठाण्यात आले. "मला त्या घरी न्या. एकटा गेलो तर लोक काय समजतील." मी नेलं. ओट्यावर बसले, पाणी घेतलं, आणि मुलीला म्हणाले, "बेटा, ऐक. लायटीवाल्यानं नवरीच्या जागी कुणाला तरी उभं करून पाहावं लागतं, तोंडावर उजेड पडतो का ते. मी पाह्यलं न्हाई. जल्दी होती. मी बराबर बांधली असती तर तुला सांगावंच लागलं नसतं. गलती माझी हाय. तू डोक्यातून काढ."

"न्हाई चाचा, मीच..."

"अगं, हाक मी मारली," आई म्हणाली.

तिघंही चूक आपल्याकडे ओढत होते, जेवताना ताट ओढावं तसं. मी चहाचा कप धरून दाराशी उभा होतो. त्या घरात चौथा वाटेकरी होता आणि त्याचा वाटा काही लहान नव्हता. शब्द ओठापर्यंत आले. बाहेर ड्रायव्हर होता, शिपाई होता, गावातली चार माणसं होती. मी चहा संपवला.

लोक विचारतात, या केसनं तुम्हाला काय शिकवलं? शिकलो तर बरंच. सहीआधी वाचायला लागलो. नव्या पोरांना सांगत राहिलो, मुद्देमाल डोळ्यांनी बघा, गर्दीच्या तोंडानं नको. गप्प माणसाला दुसऱ्यांदा विचारा. हे सगळं सांगायला सोपं आहे, कारण त्यात चूक कामाची होती असं वाटतं. माझी होती असं वाटत नाही.

त्या दिवशी नवरीच्या घरून परत येताना ते जीपमध्ये माझ्या मागे बसले होते. तीर्थपुरीच्या फाट्यावर उतरले, पिशवी खांद्याला लावली आणि खिडकीशी येऊन हात जोडले.

"साहेब, तुमचे लय उपकार झाले. तुमी तार पाह्यली म्हणून सुटलो. दुसऱ्या कुणी पाह्यली नसती."

मी म्हणालो, "असू द्या."

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी जालन्यात राहतो. इथून तीर्थपुरी एसटीनं दोन तासांवर आहे, दुकान स्टँडपासून जवळच आहे, ते अजून तिथं बसतात असं ऐकतो. मी गेलेलो नाही.