उशिरा गाणारी बाई

तिला सगळे भोंगा म्हणत. खरं नाव होतं, शाळेच्या दाखल्यावर होतं, पण हाक मारायला ते कुणाच्या कधी उपयोगी पडलं नाही. जन्मली तेव्हा पहिल्या रडण्यालाच नर्सने कानांवर हात ठेवले, असं तिची आई सांगे. आईचं निम्मं सांगणं फुगवलेलं असायचं, पण हे खरं असावं. कारण मोठेपणी हिने मागच्या खोलीत साधी जांभई दिली तरी पुढे काउंटरवरच्या गिऱ्हाइकाच्या हातातली पावती खाली पडायची.

दुकान लाँड्रीचं. पुढे काउंटर आणि काउंटरवर आई. मागे लांबट खोली, छताखाली लोखंडी दांड्या, त्यांवर कोट, गाऊन, पडदे आणि लोक न्यायला विसरलेले नाना प्रकार. कोपऱ्यात वाफेचं प्रेस. प्रेस म्हणजे जबडा वासून बसलेली मगरच. खालच्या जबड्यावर पँट अंथरायची, वरचा जबडा ओढून मिटायचा, पायाने पेडल दाबायचं. मगर फुस्स करून वाफ सोडते. ती विरेपर्यंत तोंड मिटून मागे सरायचं, नाहीतर गरम वाफ थेट घशात.

भोंगा शाळा सुटल्यापासून या मगरीपुढे उभी. काम करता करता गायची. फुस्स झालं की गप्प, वाफ विरली की ओळ. त्यामुळे तिची ओळ तालाच्या ठोक्यावर म्हणून कधी पडायचीच नाही. ठोका पडायचा, निघून जायचा, आणि मग ही यायची; बस गेल्यावर थांब्यावर येऊन पाय पसरून बसणाऱ्या माणसासारखी, निवांत. आणि गंमत अशी की ऐकणाऱ्याला वाटायचं, चुकलं असेल तर बसचंच चुकलं.

गायची ते सोल नावाचं विलायती गाणं. सोल म्हणजे काय, असं एका गिऱ्हाइकाने एकदा मामाला विचारलं होतं. मामा म्हणाला, "रडायचं असतं, पण काम पडलेलं असतं. तेव्हा तोंडातून जे निघतं ते." याहून बरी व्याख्या माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. शर्टांची इस्त्री त्याच्याकडे, आणि बेस गिटारही त्याच्याकडे. ते जाड तारांचं, पोटात घुमणारं. शेजारचा सुतार ड्रम वाजवायचा. सुताराला बोलायची हौस नव्हती, कुरकुर करायची मात्र होती. दुकानाचं शटर खाली आलं की तिघं मागच्या खोलीत जमत. चहूबाजूंनी कपडे लटकलेले, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. एक-दोन-तीन-चार म्हणून सुरुवात करायची त्यांच्यात पद्धतच नव्हती. भोंगा पेडल दाबायची, मगर फुस्स करायची, आणि गाणं सुरू. वर्षानुवर्षं हेच. त्यात काही वेगळं आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

आता दादा.

दादा म्हणजे फार मोठं प्रस्थ. सोल म्हटलं की लोक दादांचंच नाव घेत. पांढरा कोट, पांढरे बूट, आणि मधाच्या बरणीत बुडवून काढल्यासारखा आवाज. त्यांचं स्वतःचं लेबल होतं. म्हणजे रेकॉर्ड काढायची कंपनी त्यांची, स्टुडिओ त्यांचा आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. भोंगा त्यांच्या कोरसमध्ये होती. दादा पुढे गात आणि ही मागे दोघी-तिघींत उभी राहून "ओऽ" करी. पण दादांचा तिच्यावर जीव होता, हे कबूल करायला हवं. माईकपासून किती लांब उभं राहायचं, गाण्याच्या मध्ये पाणी प्यायलं तरी घोट कसा ऐकू येऊ द्यायचा नाही, चुकल्यावर चेहरा कसा सरळ ठेवायचा, सगळं त्यांनीच शिकवलं. तिचे वडील ती लहान असतानाच गेलेले. दादांनी पसंतीने मान हलवली की तिला दोन दिवस जेवण गोड लागायचं. नाही हलवली, तर ती मगरीखाली पँटी करपवायची.

एका कार्यक्रमानंतर दादा म्हणाले, "पोरी, मागे उभं राहणं पुरे झालं आता. तुझी रेकॉर्ड मी काढतो."

ही बातमी घरी पोचली आणि आईने संध्याकाळच्या आत गल्लीभर केली. ज्यांचे कपडे तयार नव्हते त्यांनाही बोलावून घेतलं. "पँट नंतर न्या, आधी बातमी न्या."

भोंगाने दादांना एकच विनंती केली, माझी माणसं घेऊन येते. दादा मोठ्या मनाने हो म्हणाले. मामा आणि सुतार ठेवणीतल्या कपड्यांत स्टुडिओत गेले. मामाने तर एका गिऱ्हाइकाचाच सूट घातला होता. "परवा न्यायला येणार आहे तो. तोपर्यंत सुटाला जरा बाहेरची हवा," म्हणाला.

स्टुडिओ बघून तिघं दारातच थबकले. गुडघ्यापर्यंत पाय बुडेल असा गालिचा. काचेपलीकडे साउंडवाला, कानांवर हेडफोन, तोंडावर कंटाळा. दादा त्याच्या शेजारी. दादा म्हणाले, "करा सुरू." साउंडवाल्याने यंत्राची टिकटिक सोडली. टिक, टिक, टिक, टिक.

तिघं टिकटिक ऐकत उभे.

"अहो, सुरू करा!"

मामा हळूच भोंगाला म्हणाला, "हे काय मोजतंय गं? कशावर यायचं?" सुतार म्हणाला, "मी आधीच म्हणालो होतो." काय म्हणाला होता ते कुणाला आठवेना. भोंगाचा उजवा पाय गालिच्यात पेडल शोधत होता.

दादा काय झालं ते विचारायला काचेमागून बाहेर आले. "हे बघा," ते समजावू लागले, "माझ्याकडे गाण्याची एक शिस्त असते—" तेवढ्यात कोपऱ्यातल्या भिंतीवर खोलीत सुवास सोडणारं एक यंत्र होतं, त्याने फुस्स केलं.

आणि तिघांनी गाणं सुरू केलं.

दादा वाक्यात अडकून उभे. पहिलं कडवं संपलं तेव्हा तिघांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. माफी मागितली. दादा म्हणाले, "असू दे. तर मी म्हणत होतो, शिस्त म्हणजे—" फुस्स. पुन्हा तेच. सुताराने तर डोळेच मिटून घेतले होते, त्याला दादा समोर आहेत हेच दिसेना. तिसऱ्यांदा फुस्स झालं तेव्हा दादांना पक्कं वाटलं, ही लाँड्रीवाली मंडळी आपली टर उडवताहेत. भोंगा रडवेली होऊन सांगत होती, "दादा, शप्पथ, आमच्या प्रेसचा आवाज अगदी अस्साच आहे हो!" पण हे सांगताना तिलाच ते किती खुळ्यासारखं आहे ते ऐकू येत होतं.

मामा आणि सुतार घरी परत. दादांचे वाजवणारे आले. सगळे कसे टिकटिकीत बसणारे. भोंगा एकटी गायली. तरी उशिराच आली. तीनदा, चारदा. शेवटी दादा म्हणाले, "तू गा तशीच. आम्ही बघतो."

त्यांनी जे बघितलं ते असं, की साउंडवाल्याने यंत्रावर तिचा एकेक शब्द उचलला आणि पुढे सरकवून बरोबर ठोक्यावर नेऊन बसवला. मधले श्वास नकोत म्हणून कापून टाकले.

नमुन्याची प्रत दुकानात आली. आईने काउंटरवरच लावली. दोन गिऱ्हाइकं, मामा, सुतार, सगळे कान देऊन. गाणं संपलं. मग आईच म्हणाली, "आवाज छान आहे. पण हिला कुठे जायचंय एवढ्या घाईने? कुणी मागे लागल्यासारखी गातेय."

"आई!"

"मला गाण्यातलं कळत नाही. घाईतलं कळतं. मधे श्वास तरी घेतेस का नाही? ऐकताना माझाच जीव वर आला."

मामा म्हणाला, "ताई, अगं दादांनी केलंय ते. दादांना कळत नसेल?" एरवी लोकांशी रोज भांडणारा मामा दादांची बाजू घेत होता, कारण भाचीचं नाव व्हावं असं त्यालाच सगळ्यात जास्त वाटत होतं. आपण नसलो तरी चालेल, हेही त्याने स्वतःला चार दिवसांत समजावलं होतं. भोंगाला ते दिसलं. ती आत गेली आणि तिने एकच पँट तीन वेळा प्रेस केली.

तिने दादांना निरोप धाडला, हे असं नको. आणि तेव्हा, कधी कुणाच्या दारात न जाणारे दादा स्वतः लाँड्रीत आले. बाहेर लांबलचक गाडी, गल्ली गोळा.

आईने त्यांना "या, बसा" म्हणायच्या आत त्यांच्या कोटाकडे बघितलं. "कॉफी सांडलीय."

"कुठे? अहो, राहू दे."

"राहू दे कसं? आत्ता ओलाय तोवर निघेल, मग तुमचं नाव घेऊन जन्मभर राहील. काढा."

आईपुढे कुणाचं काही चालत नसे, दादांचंही चाललं नाही. कोट गेला. आत बनियन. आता एवढ्या मोठ्या माणसाला बनियनवर कसं बसवायचं? मामाने घाईघाईत दांडीवरून हाताला लागेल ते ओढलं आणि त्यांच्या खांद्यांवर टाकलं. तो एका बाईंचा गुलाबी गाऊन निघाला, गळ्याला पिसं लावलेला. दादा स्टुलावर बसले, पिसं हनुवटीला गुदगुल्या करताहेत. पण माणूस खरा थोर. त्या अवतारातही रुबाब तसूभर कमी झाला नाही.

"पोरी," दादा म्हणाले, "गाणं तुझं, आवाज तुझा, नाव तुझं. फक्त वेळ माझी. एवढंच मागतोय."

"तेवढंच माझं आहे, दादा."

"लोक थांबत नाहीत गं. मी आयुष्यभर लोक बघितलेत. तू त्यांना थांबायला लावतेस."

"आमच्याकडे थांबतात की," आई कोट घासता घासता म्हणाली. "शिव्या देतात, पण थांबतात."

"आई, तू गप."

भोंगा दादांसमोर उकिडवी बसली. "दादा, मला कोरसात घेतलंत तेव्हा मी उशिराच येत होते. ते तुम्हाला चाललं?"

दादांनी तोंडात आलेलं पीस काढलं. मग खरं बोलले, तेवढे ते सरळ होतेच. "आवडलं. म्हणून तर घेतलं. पण तेव्हा तू मागे उभी होतीस. मागच्याने उशिरा आलं तर गोडी असते. पुढच्याने आलं तर चूक दिसते."

"कुणाला दिसते?"

"मला," दादा म्हणाले. "आणि माझ्या लेबलवर मला दिसतं तेच असतं."

बोलणं संपलं होतं. दोघांनाही ते कळलं. भोंगाला ठाऊक होतं, नाही म्हटलं की लेबल तर जाईलच, पण दादाही जातील. कोरसही जाईल, आणि ते मान हलवणंही. तिने दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मामाला वाटलं, ही हो म्हणणार. आईला वाटलं, ही रडणार. ती थांबली, चांगली थांबली, आणि मग म्हणाली, "नको, दादा."

दादा उठले. कुणाकडे न बघता ताठ मानेने दुकानाबाहेर पडले, पायऱ्या उतरले, गाडीपर्यंत गेले. ड्रायव्हरने दार उघडलं आणि तो नुसता बघत राहिला. गल्लीही बघत राहिली. आई कोट घेऊन धावली. "दादा! अहो, गाऊन! तो त्या बाईंचाय!"

भर रस्त्यात दादांनी गाऊन उतरवला, कोट चढवला, बटणं लावली. कोटाकडे निरखून बघितलं. "निघाला की डाग."

"निघाला," आई म्हणाली.

"पैसे?"

"असू द्या हो. तुम्ही हिला शिकवलंत."

दादांनी दुकानाच्या दाराकडे एकदा बघितलं आणि गाडीत बसले. त्यानंतर त्यांनी भोंगाला बोलावलं नाही. ती दोन महिने फोन वाजला की हात पुसत धावायची. फोन पडद्यांबद्दल असायचा.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिघांनी आपली रेकॉर्ड आपणच करायची ठरवलं, दुकानाच्या मागच्या खोलीत, मगरीसकट. माईक उसने आणले, ते हँगरला बांधले. आईला पुढे बसवलं आणि कुणाला आत सोडायचं नाही म्हणून बजावलं. फुस्स झालं. गाणं चाललं, आणि बरं चाललं. सुताराच्या कपाळावरची आठी गेली, म्हणजे बघा. तिसऱ्या कडव्यात शटरवर थापा पडल्या आणि कुणीतरी ओरडलं, "माझा सूट तयार आहे का?" पुन्हा धुवायला आलेला तो सूट पुन्हा मामाच्याच अंगावर होता. मामाचं एक बोटही चुकलं नाही.

गाणं संपलं. मामा घाम पुसत म्हणाला, "ठेवायचं का?"

दोघंही भोंगाकडे बघायला लागले. तिने सवयीने मागे वळून बघितलं, कुणाची मान हलतेय का ते. मागे नुसते कोट लटकत होते. इतकी वर्षं हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा होता.

"त्या सूटवाल्याचं ओरडणं राहू दे," ती हळूहळू म्हणाली. "त्याचं काही नाही. पण शेवटची ओळ मी नुसती छान गायले. खरी नाही गायले. परत."

"अगं, छान झालंय ना?" मामा म्हणाला. "बोटं बघ माझी."

"परत, मामा."

परत केलं. तिला पटेना. परत केलं. बाहेर सूटवाला शटरशी भांडून दमला आणि आईने शटर अर्धं वर करून दिलेल्या खुर्चीवर बसून ऐकायला लागला. भोंगाने पाय पुन्हा पेडलवर ठेवला.

"यापेक्षा दादा परवडले," सुतार म्हणाला आणि काठ्या उचलल्या.