हमीदमामांची मोजणी

हमीदमामा शेख माणसे बादल्यांवरून मोजत. दौंड तालुक्यातल्या आमच्या गावात ते ग्रामपंचायतीचे पाणी सोडत. खांद्यावर व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी असे. कुरकुंभच्या कारखान्यांत पाळ्यांनी काम करणारे परप्रांतीय कामगार भाड्याच्या खोल्यांत राहू लागले, आणि गावात माणसे किती, याचा कुणालाच अंदाज राहिला नाही.

मी निवृत्त शिक्षक. अक्षर बरे म्हणून नव्या पाणीयोजनेचा आराखडा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. एका दुपारी खोलीखोलीतून फिरून मी खाटा मोजल्या आणि आकडा मामांना दाखवला.

"सर, ह्या एका खाटंवर तिघं झोपत्यात, पाळीपाळीनं. तुम्ही एकच धरला."

"मग मोजायचे कसे?"

"बादल्या मोजा. मानूस कामाला जातंय, बादली खोलीतच ऱ्हाती. आन् दुसऱ्याच्या बादलीला कुनी हात लावत न्हाई."

मी पुन्हा फिरलो. मतदारयादी एक आकडा सांगे, खाटा दुसरा, बादल्या तिसरा. त्यातही काही बादल्या मुलुखाला गेलेल्यांच्या निघाल्या. ते परत येणार की नाही, हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. माझा गोंधळ पाहून मामा हसले. "वर्गात पोरं जागंवर बसायची, सर. हितं कोन बसतंय?"

ग्रामसभेत सरपंच म्हणाले, टाकी मतदारयादीप्रमाणे बांधू. मामा उठले.

"आधी मानसं किती ते ठरवा. विहीर एकच हाय. पुरत नसंल तर नव्या खोल्या थांबवा, न्हाईतर आधी गावतळ्यातला गाळ काढा, म्हंजी विहिरीला पानी वाढंल."

"मामा, तुमच्या दोन खोल्या भाड्यानं गेल्या, आता दुसऱ्यांच्या थांबवा व्हय?" मागून कुणीतरी ओरडले. सभा हसली.

"गेल्यात की. म्हनून तर कळतंय," म्हणत मामा माझ्याकडे वळले. "सर, आकडा सांगा."

मी उभा राहिलो. हातातल्या कागदावर तीन आकडे होते. "नक्की सांगता येत नाही," एवढेच बोललो आणि खाली बसलो. ठराव मतदारयादीवर मंजूर झाला.

बाहेर मी क्षमा मागू लागलो, तर मामांनी मला थांबवले. "नक्की कुनालाच ठावं नसतं, सर. पन सकाळी पानी सोडावंच लागतं. अंदाजानं सोडायचं. कमी पडलं तर उद्या चावी जास्त फिरवायची."

मागच्या उन्हाळ्यात मामा वारले. नवी टाकी सकाळी नऊलाच रिकामी होते. येत्या ग्रामसभेत बोलण्यासाठी मी सरपंचांकडे नाव दिले आहे. आकडा अजूनही पक्का झालेला नाही.