उष्टी पुस्तकं

स्टाफरूममध्ये एकदा विषय निघाला, कोण पुस्तकं कुठून घेतं. मराठीचे सर म्हणाले, आता दुकानात कोण जातं, मोबाइलवर मागवलं की घरपोच येतं. इंग्रजीच्या मॅडमना मात्र दुकानच लागतं. पुस्तक हातात घेऊन, उभ्याउभ्या चार पानं वाचल्याशिवाय त्या विकत घेत नाहीत. मी म्हणाले, मी सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेते, जुनी. त्यावर सगळ्यांनी कौतुकानं माना हलवल्या. जुनी पुस्तकं घेणारा माणूस खरा वाचणारा, असा एक समज आहे.

ती पुस्तकं मी घरी नेत नाही, हे मी सांगितलं नाही. ती कॉलेजच्या बॉटनी लॅबमधल्या लोखंडी कपाटात, वाळवलेल्या फांद्यापानांच्या फायलींमागे राहतात. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते. घर माझ्या पगारावर चालतं. तरी जुनं पुस्तक घरात न्यायची मला भीती वाटते, कारण घरात आई आहे.

आई अंगणवाडीतून रिटायर झाली. ती भरपूर वाचते, पण वाचते ते नवंच. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथे ती जाते. गर्दीत धक्के खात, पदर कमरेला खोचून ती एकेक पुस्तक चाळते, आणि घेताना स्टॉलवाल्याला वरची प्रत देऊ देत नाही. गठ्ठ्यातली खालची काढायला लावते. वरच्या प्रतीला दहा लोकांनी हात लावलेला असतो. घरी आल्यावर ती पुस्तकाला खाकी कव्हर घालते आणि मग हात धुऊन वाचायला बसते.

शाळेत असताना दर जूनला आमच्या गल्लीतली पोरं अर्ध्या किमतीत जुनी पाठ्यपुस्तकं आणायची. बाबा वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला होते. एका वर्षी त्यांनी सुचवून पाहिलं की शेजारच्या पोरीची पुस्तकं चांगली आहेत, घेऊन टाकू. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मंग तिले शाळेतच नोको पाठवू." त्या महिन्यात आमच्याकडे दूध बंद झालं आणि माझी पुस्तकं नवी आली. आई कशासाठी हट्ट करते हे मला कळत नव्हतं. चहा मात्र काळा मिळत होता.

सातवीत असताना मावशीबरोबर बर्डीला गेले होते. फुटपाथवर एक गोष्टींचं पुस्तक दिसलं. मावशीनं घेऊन दिलं. पहिल्या पानावर जांभळ्या शाईत कुणा मुलीचं नाव होतं, वर्ग होता, आणि खाली एक फूल काढलेलं होतं. रात्रभर मी ते उशाशी ठेवलं. सकाळी आईला ते सापडलं. आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता. तिनं पुस्तक उघडून ते नाव वाचलं आणि मला बंबापाशी नेलं. वाटलं, ती आता फाडेल, मारेल. तिनं यातलं काही केलं नाही. पुस्तक माझ्याच हातात दिलं आणि म्हणाली, "तूच टाक."

मी रडले, नाही म्हटलं, मावशीचं नाव घेतलं. ती उभीच राहिली. शेवटी मी ते टाकलं. आधी कव्हर वळलं, मग पानं एकामागून एक काळी होत गेली. त्याच पाण्यानं तिनं मला आंघोळ घातली आणि वेणी घालून शाळेत पाठवलं. जाताना एवढंच म्हणाली, "आपल्या घरात कोनाचं उष्टं पुस्तक येत नाही."

बाबा गेले तरी तिनं मला कारण सांगितलं नाही. ते मला फार उशिरा कळलं, मामाकडून. मामेभावाच्या लग्नात हळदीच्या दिवशी मामा मांडवात खुर्ची टाकून बसला होता. मी सहज म्हटलं, आईला जुन्या पुस्तकांचा एवढा राग काहून आहे गा मामा? तो हसला. "तुले सांगतलंच नाही तिनं?" म्हणाला, आणि गंमत सांगावी तसं सांगत गेला.

आईचं गाव भिवापूरकडचं. आजोबा छप्पन साली नागपूरला येऊन दीक्षा घेऊन गेले होते, पण गावात त्यामुळे पोट भरत नव्हतं. आजी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी गोठा झाडायची. त्या घरची मुलगी आईच्या एक इयत्ता पुढे होती. वर्ष संपलं की मालगुजारीण त्या मुलीची पुस्तकं ओट्याखाली ठेवायची आणि आजी ती उचलून आणायची. आईची सगळी शाळा त्या पुस्तकांवर झाली. पण त्या मुलीला आपली पुस्तकं हिच्याकडे जातात हे सहन होत नव्हतं. तिच्या आईनं द्यायला सांगितलेलं, म्हणून ती द्यायची, पण देण्याआधी प्रत्येक धड्याचं शेवटचं पान फाडून घ्यायची.

"पान दोन बाजूचं असते ना," मामा म्हणाला. "एका धड्याचा शेवट गेला का दुसऱ्याचं तोंड बी जाये. तुह्या आईजवळ नुसते मधलेच धडे."

गुरुजी वाचायला उभं करायचे. पान संपलं की आई थांबायची आणि गुरुजी तिला तशीच उभी ठेवायचे, दोष पुस्तकाचा की पोरीचा हे त्यांनी कधी पाहिलं नाही. एकदा परीक्षेच्या आधी आईनं वर्गातल्या एका पोरीला विचारलं की या गोष्टीचा शेवट काय. त्या पोरीनं भलताच सांगितला. आईनं तोच पेपरात लिहिला आणि गुरुजींनी तो सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवला. हे सांगताना मामाला एवढं हसू आलं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पानं कोण फाडतं हे मालगुजाराच्या मुलीनंच सगळ्या शाळेला सांगितलं होतं. आजीलाही ठाऊक होतं. पण बोलली असती तर गोठाही गेला असता आणि मधले धडेही.

मी आईला यातलं काही विचारलं नाही. तिनं सांगितलं नव्हतं, म्हणजे तिला सांगायचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आईला एक फोन आला. गावातल्या कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काढला होता, त्यावरून नंबर मिळाला म्हणे. मालगुजाराची ती मुलगी बोलत होती. लग्नानंतर ती सगळा जन्म नागपुरातच होती, धरमपेठेत, आणि आई त्याच शहरात, इंदोऱ्यात. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. तिचा नवरा शेतकी कॉलेजात प्राध्यापक होता, तो वारला होता. बंगला बिल्डरला दिला होता आणि तीन कपाटं पुस्तकं होती. तुझी मुलगी शिकवते असं ऐकलं, तिला घेऊन ये, हवी तेवढी ने, असं ती म्हणाली.

मला वाटलं आई फोन आपटेल. तिनं शांतपणे पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी तिनं दसऱ्याला घेतलेली निळी साडी नेसली आणि मला म्हणाली, "चाल." जुनी पुस्तकं बघायला आई स्वतःहून निघाली, याचा मला इतका आनंद झाला की मी पुढचा विचारच केला नाही. दोन मोठ्या पिशव्या घेतल्या.

बंगल्यात सामान बांधून ठेवलेलं होतं. ती बाई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. शुगरनं डोळे जवळपास गेलेले, एक पाय सुजलेला. तिनं आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला. आईनं नमस्कार केला, पण तो तिला दिसला नाही आणि हात तसाच हवेत राहिला. तिच्या सुनेनं आम्हाला खुर्च्या दिल्या.

"ही माझ्या पुस्तकांवर शिकली बरं," ती बाई सुनेला म्हणाली. "अगदी दहावीपर्यंत."

सुनेला आमच्या ओळखीत रस नव्हता. ती माझ्याकडे वळून सांगू लागली की नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही, खालच्या कप्प्यांना वाळवी लागली आहे, रद्दीवाल्याला बोलावून ठेवलं आहे. सासूसमोरच, ती खोलीत नसल्यासारखी, म्हणाली, "यांना दिसत तर काही नाही, पण कपाटाला हात लावला की रडायला बसतात. तुम्ही नेली तर माझी सुटका होईल."

मी कपाटापाशी गेले. बरीच पुस्तकं शेतीची होती, काही कादंबऱ्या, काही चरित्रं. मधल्या कप्प्यात मला ते दिसलं. आपल्या भागातल्या गवतांवरचं मराठी पुस्तक, प्रत्येक गवताचं हातानं काढलेलं चित्र, मुळापासून तुऱ्यापर्यंत. कॉलेजात असताना लायब्ररीत मी ते एकदाच पाहिलं होतं. नंतर ती प्रत हरवली. कितीतरी रविवार मी फुटपाथवर ते शोधलं होतं. मी ते घेऊन खुर्चीपाशी आले आणि म्हणाले, "हे मी नेऊ का?"

त्या बाईनं हात पुढे केला. पुस्तक मांडीवर घेऊन ती बोटांनी चाचपत राहिली आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, हे यांचं सगळ्यात आवडीचं. बाकीचीही ने, तुझ्याकडे राहतील, रद्दीत नको जायला. मग तिनं आईच्या बाजूला तोंड वळवलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सगळे पानं आहेत वं यात. पाहून घे. एकही फाटलं नाही."

तिला सगळं आठवत होतं. इतकी वर्षं ते तिच्याही पोटात होतं, आणि माफी म्हणून तिला एवढंच सुचलं.

सून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. आईनं चहाचा कप बशीत ठेवला.

"असतील," ती म्हणाली. "पण आमी जुने पुस्तकं घेत नाही."

"मी घेते," मी म्हटलं. खरंच म्हटलं, मोठ्यानं. पुस्तक त्या बाईच्या मांडीवरून उचललंही.

"ठेव ते," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या बाईकडे बघत होती, आणि त्या बाईला तिचं बघणं दिसत नव्हतं. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. ठेवल्याचा आवाज झाला तशी ती बाई दचकली.

मग ती विनवण्या करू लागली. आईचं लहानपणीचं नाव घेऊन म्हणाली, तू नको घेऊ, पोरीला तरी नेऊ दे. म्हणाली, मी लहान होते वं, अक्कल नव्हती. आईनं सुनेला विचारलं, रद्दीवाला कधी येणार आहे. सून म्हणाली, आत्ता फोन केला तर लगेच येईल. "मंग बोलवा ना," आई म्हणाली. "आमी बसतो तोवर. तुमाले बी सोबत होईल."

आम्ही बसलो. रद्दीवाला आला, त्यानं पुस्तकं काढून दोरीनं गठ्ठे बांधले आणि काट्याला लटकवले. प्रत्येक गठ्ठा जमिनीवर पडला की ती बाई विचारायची, कोणता कप्पा झाला. तिला कुणी उत्तर देत नव्हतं. एकदा आईनंच दिलं. "मधला," ती म्हणाली. सुनेनं दुसरा चहा विचारला तर आई हो म्हणाली, आणि तो तिनं शेवटपर्यंत प्याला. गवतांचं पुस्तक एका जाड डिक्शनरीखाली बांधलं गेलं. त्या क्षणी मला आईचा अभिमान वाटला का, असं मी स्वतःला नंतर विचारलं. वाटला होता. आणि त्याच वेळी तिच्याशेजारी बसवतही नव्हतं.

ऑटोनं परत निघालो. बर्डीला आल्यावर आईनं ऑटो थांबवला आणि मला नव्या पुस्तकांच्या मोठ्या दुकानात नेलं. काउंटरवरच्या माणसाला म्हणाली, "गवताचं पुस्तक पाहिजे, चित्रं असलेलं. नाव ही सांगते." मी नाव सांगितलं. तो माणूस म्हणाला, मॅडम, ते छापणं बंद होऊन फार वर्षं झाली, आता मिळालं तर जुन्या बाजारातच. मागवता येतं का, तिनं विचारलं. तो नाही म्हणाला. कितीही पैसे लागले तरी? तो पुन्हा नाही म्हणाला.

आईच्या पर्सची चेन उघडलेली होती.

"मंग दुसरं घे एखादं," ती मला म्हणाली. "कोनतंबी. मोठं घे."

मी म्हटलं, मला दुसरं नको आहे. तिनं स्वतःच फुलझाडांचं एक चकचकीत, परदेशी फोटोंचं पुस्तक उचललं, खालची प्रत काढायला लावली आणि घेतलं. रात्री त्याला कव्हर घालून माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते अजून उघडलेलं नाही, आणि ती रोज त्यावरची धूळ पुसते.

पुढचे कितीतरी रविवार मी फुटपाथ पालथा घातला. एका ओळखीच्या विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, वाळवी लागलेला माल आमच्याकडे येतच नाही, तो सरळ कागदाच्या कारखान्यात लगद्याला जातो.

यंदा उन्हाळ्यात गावाच्या ग्रुपवर कळलं की त्या बाईला मुलानं वृद्धाश्रमात ठेवलं आहे. आईनं तो निरोप मला वाचून दाखवला. मी विचारलं, भेटायला जायचं का.

"तू जा," ती म्हणाली. "वाचून दाखवायले कोनी पाहिजे असंल तिले."

हे तिनं चिडून म्हटलं की खरंच म्हटलं, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. जाऊ जाऊ म्हणता मी अजून गेलेले नाही.