पोटभाडेकरू आणि हळदकुंकू

कॉम्प्युटरसमोर आले की ते उजवा हात पाठीमागे धरायचे आणि विचारायचे, "आधी सांगा, हात कोणी लावला?" प्रिंटरमधला कागद संपलेला असो नाहीतर माउस रुसलेला असो, प्रश्न हाच. आमच्या परळच्या रक्तपेढीतला हा संगणकवाला माणूस संगणकाकडे असा जायचा, जसं कुणी वाघाच्या पिंजऱ्याकडे जातं. आम्ही त्यांना नुसतं भाऊ म्हणायचो.

मी तिथे रक्त तपासायला होते, आणि खोटं कशाला सांगू, भाऊंना घाबरवणं हा माझा चहाबरोबरचा खाऊ होता. "भाऊ, काहीतरी जळल्याचा वास येतोय," एवढं पुटपुटलं की ते दोन मजले चढून हजर. कॉम्प्युटरच्या पाठीला डावा तळहात लावून ताप बघायचे आणि म्हणायचे, "ताई, एक दिवस खरंच जळेल आणि मी येणार नाही." दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे.

त्यांच्या भीतीचा कायमचा मुक्काम मात्र कोपऱ्यातल्या काळ्या डब्यात, म्हणजे यादीच्या कॉम्प्युटरमध्ये होता. दुर्मिळ रक्तगटाच्या दात्यांची यादी दाखवणारा आमचा प्रोग्राम इतका जुना, की नव्या कॉम्प्युटरवर चालायलाच तयार नाही. म्हणून भाऊंनी नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर वसवला. खराखुरा नाही हो, भासाचा. पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि तिच्यात जुनं जग चालू.

लालबागच्या चाळीत वाढलेल्या भाऊंनी मला ते असं समजावलं होतं: "बाहेरचा मालक, आतला पोटभाडेकरू. प्रोग्राम पोटभाडेकरूकडे, यादीची फाइल मालकाच्या कपाटात. दोघं एकमेकांशी बोलले तर काम होतं."

"आणि नाही बोलले तर?"

"असं बोलू नका, ताई."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बोलेनासे झाले.

जवळच्याच एका इस्पितळात एक मुलगी बाळंत झाली होती. रक्त थांबत नव्हतं, आणि तिचा गट निघाला बॉम्बे. या गटाची माणसं फार थोडी, आणि त्यांना दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही. तिची आई चिठ्ठी घेऊन आमच्या बाकावर बसली होती. मी खिडकी उघडली, यादी मागितली. उत्तर आलं: फाइल सापडत नाही. आमच्या डॉक्टर बाकीच्या रक्तपेढ्यांना फोन लावत होत्या आणि प्रत्येक फोन ठेवताना मान हलवत होत्या. यादीची कागदी वही कधीच वाळवीने खाल्लेली.

मी भाऊंना फोन केला. "भाऊ, पोटभाडेकरू मालकाशी बोलत नाही."

"ताई, सणाच्या दुसऱ्या दिवशी तरी चेष्टा नको."

मी हसले नाही. त्यावरून त्यांना कळलं.

दहा मिनिटांत आले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "हात कोणी लावला?" कोणीच नाही. ते बसले. मालकाचं इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. मालकाकडून पोटभाडेकरूला हाक मारली, उत्तर नाही. उलटी मारली, तरी नाही.

"आतला म्हणतोय, तार निघालीय," भाऊ म्हणाले.

"मग लावा ना."

"ताई, आत तार नाहीच आहे. ती मनातली तार आहे."

एरवी हे वाक्य मी महिनाभर पुरवून वापरलं असतं. त्या दिवशी मी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. बाकावरून आवाज आला, "नंबर गावलो काय गो बाय?"

"बघताहेत, मावशी."

भाऊ एकेक सेटिंग उघडायचे, वाचायचे, काही न बदलता बंद करायचे. अर्धा तास गेला. पाठीवरचा शर्ट ओला झाला. मग ते एकदम थबकले.

"दोघं एकाच खोलीत राहतात," ते सावकाश म्हणाले, "पण मीच असं बसवलंय की पोटभाडेकरूने गॅलरीतून फिरून मालकाच्या दारात यायचं. गॅलरी म्हणजे ही मागची तार. मालकाचं इंटरनेट वायफायवर, म्हणून ते चालू दिसतंय. गॅलरीच बंद असेल तर?"

आम्ही डबा फिरवला. तार जागेवर होती. भाऊंनी ती ओढली, तर टोक लालभडक. आतल्या भोकात ओलं कुंकू वाळून बसलेलं, वर अक्षतेचा एक दाणा.

भाऊंचे वडील गिरणीत होते. खंडेनवमीला मागाची पूजा करताना सूत जिथून आत जातं तिथे कुंकू लावायचं, ही त्यांची शिकवण. घरातल्या शिलाई मशीनपासून मिक्सरपर्यंत भाऊ तेच करत आले. परवा इथेही त्यांनी तार काढली, भक्तिभावाने बोट टेकवलं आणि तार परत लावली.

"हात मी लावला," भाऊ म्हणाले.

साफ करायचं तर डबा बंद करावा लागणार होता. सहा वर्षांत तो कधी बंद केलेला नव्हता.

"परत उठला नाही तर?"

"आणि नाही बंद केला तर?" मी विचारलं.

त्यांनी बाकाकडे पाहिलं. आधी पोटभाडेकरूला झोपवलं, मग मालकाला. दात्यांचा दंड पुसायचं स्पिरिट मी काडीच्या कापसावर घेतलं, चिमट्याने दाणा काढला. भाऊ फाइलच्या पुठ्ठ्याने वारा घालत राहिले. मग बटण दाबलं. पडदा काळा. मी उभा जन्म रक्त बघण्यात घालवला, पण त्या काळ्या पडद्याइतकी कशालाच भ्याले नाही. भाऊ ओठ हलवत होते, बहुधा वडिलांशी बोलत असावेत.

तारेच्या मुळाशी हिरवा ठिपका लुकलुकला. खिडकी उघडली. यादी आली.

पहिला फोन लागला नाही. दुसरा माटुंग्याच्या एका गृहस्थांनी उचलला. "आंघोळ करून येऊ की असाच येऊ?"

"असेच या," मी म्हटलं.

त्यांच्या रक्ताची पिशवी घेऊन मावशी इस्पितळात गेली आणि माझ्या लक्षात आलं, भाऊ कुठेच नाहीत. दुपारी मी इस्पितळात गेले. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकापाशी ते त्या आईसमोर उभे होते.

"मावशी, उशीर माझ्यामुळे झाला. ते कुंकू मी लावलं होतं."

तिने त्यांना नीट न्याहाळलं. "माझ्या चेडवाक काय झाला तर मी तुका सोडूचंय नाय."

"नका सोडू," भाऊ म्हणाले आणि तिच्या शेजारी बसले.

पुढे वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. आता ते गावी असतात, फोन क्वचितच उचलतात. माझ्या डोळ्यांसमोर येतात ते इस्पितळातल्या त्या बाकावरचे भाऊ. त्या दिवशी तीनच्या सुमारास नर्स बाहेर आली आणि म्हणाली, रक्त थांबलं. मावशी चपला तिथेच टाकून धावली. भाऊ बसूनच राहिले.

"चला भाऊ, बघू या तरी," मी म्हटलं.

"थोडं थांबा, ताई," ते म्हणाले. "पायांत जीव येतोय."