मातीनं धुतलेली गाडी

नांदूरघाटच्या आमच्या घरमालक अण्णांइतकी गुळगुळीत गाडी उभ्या केज तालुक्यात कुणाची नव्हती, आणि ती गुळगुळीत झाली की नाही हे स्वतःला न कळणारा गाडीमालकही उभ्या तालुक्यात दुसरा नव्हता. त्यांचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. कोयत्यानं तळहातांना असे घट्टे पडले होते की चुलीवरचा तवा ते फडक्याशिवाय उतरवत. त्या हातांना रंगावरचा बारीक खरखरीतपणा काय कळणार? म्हणून दर रविवारी सकाळी अंगणातून हाक यायची, "सर, या बरं जरा. हात आणा तुमचा." मी शाळामास्तर, त्यांच्या पुढच्या खोल्यांत भाड्यानं राहणारा. माझ्या हातानं खडूपेक्षा जड काही उचललेलं नाही, ही त्यांच्या लेखी माझी सर्वांत मोठी लायकी. ते माझ्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवत, कारण पिशवीतून बोटं फिरवली की एरवी चुकणारे कणही जाणवतात, आणि मी बॉनेटवरून हात फिरवायला लागलो की नाडी बघणाऱ्या वैद्याला विचारावं तसं विचारत, "काय म्हणती?"

समोरच ग्रिल-गेटचं वेल्डिंगचं दुकान होतं. तिथून उडालेली लोखंडाची भुकटी गाडीच्या रंगात रुतून बसे, ती नुसत्या धुण्यापुसण्यानं जात नसे. ती काढायला अण्णांकडे माती होती. माती म्हणजे क्ले म्हणून विकत मिळतो तो, मळलेल्या कणकेसारखा मऊ पांढरा गोळा. गाडी सावलीत घ्यायची, धुवायची, शाम्पूचं पाणी मारायचं आणि गोळा चपटा करून सरळ रेषेत अलगद फिरवायचा; काळा पडला की दुमडून आतली स्वच्छ बाजू वर घ्यायची. "वासराच्या तोंडावरून हात फिरवावा तसं," ते सांगत. पण जोर न लावणं हेच त्यांना सर्वांत जड जाई. हात हलका ठेवण्यासाठी ते अक्षरशः दातओठ खात, आणि एवढ्या नाजूक कामानंतर घामानं निथळत.

गावात मात्र बातमी एवढीच पसरली, की हे मातीनं गाडी धुतात. सिरसाळ्याच्या त्यांच्या मेहुण्यानं ती मनावर घेतली. पोळ्याचे बैल करायला आणलेली चिकणमाती त्यानं नव्या मोटारसायकलच्या टाकीवर मनसोक्त घासली, आणि ओरखडे उठल्यावर तो थेट भांडायलाच आला. "ती माती येगळी असती हे कावून सांगितलं न्हाई, दाजी?" "तू इचारलंस का?" अण्णा म्हणाले. त्याला पोटभर जेवू घातलं, आणि मग दुपारभर त्या टाकीकडे बघून त्याच्याहून जास्त तेच हळहळत बसले.

ही विद्या त्यांच्या मुलीची. जुनी गाडी घेतली तेव्हा वैशाली कॉलेजात होती. तिनं मोबाइलवर बघून हे शोधून काढलं. बाप गोळा फिरवायचा, लेक बोटांनी तपासायची आणि म्हणायची, "अण्णा, इथं राहिलंय." मग ती नर्स होऊन पुण्याच्या एका दवाखान्यात लागली आणि मातीचे गोळे पार्सलनं यायला लागले. गाडी मात्र फारशी हलेना. काकूंनी कपिलधारच्या देवदर्शनाचं नाव काढलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं, "पोरगी येऊ दे, मग जाऊ." एकदा काकू मला म्हणाल्या, "आमी तोडीला गेलो की लहानपणी ही आजीपाशी ऱ्हायाची, सर. ट्रॅक्टर वाजला की पळत फाट्यावर. आता हे पळत्यात."

त्या वर्षी नागपंचमीला येते म्हणून तिचा फोन आला आणि अण्णांनी माती काढली. गोळा शेवटचाच होता. अर्धं बॉनेट झालं आणि तो हातातून निसटून अंगणात पडला. पडलेला गोळा टाकूनच द्यायचा असतो, खड्याचा एक कण चिकटला तरी रंगावर चरे उठतात. हे मला त्यांनीच शिकवलेलं.

"पडला न्हाई, सर."

"अण्णा, माझ्यासमोर पडला."

"टेकला निस्ता."

त्यांनी तो धुतला, उजेडात धरला, पुन्हा धुतला. शेवटी खिशात घातला आणि राहिलेल्या अर्ध्या बॉनेटकडे बघत ओट्यावर बसले. "तिला लगीच कळंल," एवढंच म्हणाले.

केजच्या स्टँडवर मी बरोबर होतो. वैशाली उतरली, पिशवी खाली ठेवली, आणि बापाच्या पाया पडायच्या आधी तिनं बॉनेटवरून हात फिरवला. नेमका त्याच अर्ध्यावरून.

"काचेवानी झालीय, अण्णा!"

अण्णांचा चेहरा असा फुलला की मीही हसलो. पिशवी उचलताना मी गुपचूप तिथं हात लावला. कण कण टोचत होता. पोरगी गोड खोटं बोलली, असं मला वाटलं. मग गाडीत बसल्यावर तिनं पेढा पुढं केला आणि तिचे हात दिसले. औषधाच्या पाण्यानं दिवसभर धुऊन धुऊन कातडी पांढरी पडली होती, भेगाळली होती, बोटांची टोकं सोललेली. ती खोटं बोलली, की तिला कळलंच नाही, हे मला आजही सांगता येत नाही. अण्णांनीही ते हात पाहिले. किल्ली तशीच धरून ते म्हणाले, "लई धुवावं लागत्यात का गं?"

"लागत्यात की."

संध्याकाळी ओट्यावर बसून ते तिच्या तळहातांना कोमट खोबरेल चोळत होते. जोर अजिबात न लावता. "टोचतोय तुमचा हात," ती हसत म्हणाली. पण आपला हात तिनं काढून घेतला नाही. काकू आतून जेवायला हाका मारत राहिल्या, दोघंही उठली नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे कपिलधारला जाऊन आले. गाडी चिखलानं लडबडली, आणि वैशाली परत जाईपर्यंत अण्णांनी गाडीला पाण्याचा थेंबही लावला नाही.

पुढं माझी बदली झाली. परवा अण्णांचा फोन आला. गाडीबद्दल अवाक्षर नाही. पाऊस कसा, पोरं कशी, जेवण काय केलं, एवढंच. मग विचारलं, "कवा येता?" नुकताच दसरा झाला होता. "दिवाळीला येतो," मी म्हणालो.

"दिवाळी लई लांब हाय, सर."